तिरक्या फळीवरचं ऊन

ताई, तुझ्या टेलिफोन डिरेक्टऱ्या माझ्याकडे आल्या. भाऊजींनी स्वतः आणून दिल्या, सिंगापुरातल्या तुमच्या मरीन परेडच्या घरून माझ्या सेंगकांगच्या घरापर्यंत टॅक्सी करून. चार जाडजूड डिरेक्टऱ्या, सुतळीनं बांधलेल्या, आणि तुझी ती दोन फुटांची फळी, जुन्या चादरीत गुंडाळलेली. दारातच म्हणाले, "वसुधानं साड्या कुणाला द्यायच्या ते नाही सांगितलं, दागिन्यांचं नाही सांगितलं. डिरेक्टऱ्या मात्र अनघालाच, हे तीनदा सांगितलं." आणि हसले. मग तिथेच, चपला न काढता, दाराच्या चौकटीला धरून रडले. तुझा तेरावा होऊन दोनच दिवस झाले होते. मी त्यांना आत घेतलं, चहा दिला. चहात साखर घालायची राहिली, आणि त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

खरं सांगू? मला तुझा राग आला. एखादी साडी ठेवली असतीस तर मी ती नेसले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण तू ठेवलीस ही फळी. तिच्यावर अजून आपलं ते वाळवंटातलं शहर आहे, हलक्या लाकडाचे ठोकळे डबल टेपनं चिकटवलेले, आणि त्या ठोकळ्यांमधून जाणाऱ्या दोन गल्ल्या. त्या दोन्ही गल्ल्यांबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले, ताई. एकदा एका शब्दात उडवून आणि एकदा चक्क तोंडावर. ते सांगायचं राहिलं आणि तू गेलीस.

आता सांगते. पण मला आधीपासूनच सुरुवात करू दे, नाहीतर माझी जीभ उचलायची नाही.

मी ऑफिसात आले तेव्हा तू तिथली सगळ्यांत जुनी आर्किटेक्ट. मी "मॅडम, मॅडम" करत होते. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "मॅडम शाळेत असतात. ताई म्हण, आणि अहो-जाहो केलंस तर तुझं एकही ड्रॉइंग बघणार नाही." त्याच आठवड्यात आखातातलं ते काम आलं. रिकाम्या वाळूत नवी वस्ती वसवायची होती. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं, मधोमध मशीद आणि शाळा. आपल्या भाषेत मिक्स्ड-यूज. तो काळच तसा होता. तिकडे रोज नवीन शहर निघत होतं आणि त्याचे नकाशे सिंगापूरच्या एसीत बसून आपण काढत होतो.

पहिला आराखडा मी केला, आणि काय मिजाशीत केला! मी चिपळूणची. वर सिंगापुरात पाच वर्षं काढलेली. घर म्हणजे वारा, हे माझ्या हाडामांसात. इथल्यासारखे सगळ्या इमारतींचे तळमजले मोकळे ठेवले, व्हॉइड डेकसारखे, म्हणजे खालून वारा आरपार जाईल. रस्ते रुंद केले आणि ते समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या रेषेत वळवले. निळे बाण काढले. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. तू त्या निळ्या बाणांवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "मे महिन्यात कधी जळगावला गेलीयेस?"

मी म्हटलं, "नाही."

"तिथं दुपारी वारा सुटला की आम्ही काय करतो, माहितीये? दारं लावतो, खिडक्या लावतो, फटीत फडकी कोंबतो. वारा काय जावई आहे का, आला की पुढे होऊन घ्यायचं? तुम्हा कोकणातल्यांना वाऱ्याचं फार कौतुक. हा वारा तुझ्या लोकांना भाजून काढेल."

सगळ्यांसमोर बोललीस. माझे कान तापले. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, ही बाई मला नको. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तू माझ्या टेबलापाशी आलीस, बगलेत ही फळी, आणि म्हणालीस, "डिरेक्टऱ्या उचल. पार्किंगच्या गच्चीवर चल. बारा वाजायला आले."

मी घड्याळ बघितलं, तर एक वाजायला पाच मिनिटं.

"अगं, इथलं घड्याळ एक तास पुढे नेऊन ठेवलंय. सूर्याला कुणी कळवलेलं नाही. त्याचे बारा एकनंतरच वाजतात." पाच वर्षं मी या गावात घड्याळ बघत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं.

ऑफिसमागच्या पार्किंगच्या सातव्या मजल्यावर ऊन नुसतं रटरटत होतं. तू फळी खाली ठेवलीस, समोरच्या ब्लॉकच्या भिंतीवरून उत्तर-दक्षिण जुळवून घेतलीस. मग फळीची दक्षिणेकडची कड उचललीस आणि खाली एकेक डिरेक्टरी सरकवत गेलीस. कंपासपेटीतला कोनमापक लावून बघितलास. आणखी एक डिरेक्टरी. परत बघितलंस. मग हात झटकून म्हणालीस, "झालं. आता आपण तिथे आहोत."

मला काही कळलं नाही. तू उकिडवी बसून मला समजावलंस. "पृथ्वी गोल आहे ना गं? आपण तिच्या पोटावर उभे. ते शहर वर, खांद्याजवळ. खांद्याला जितका उतार, तितकी फळी तिरकी केली की सूर्य या ठोकळ्यांवर तसाच पडतो, जसा आजच्या दिवशी, तिथल्या दुपारी, तिथल्या भिंतींवर पडेल. कॉम्प्युटर लागत नाही. चार डिरेक्टऱ्या लागतात."

मी खाली वाकून बघितलं. ताई, अंगावर काटा आला माझ्या. भर सिंगापुरात, ओल्या घामट हवेत, एका फळीवर वाळवंटातली दुपार उतरली होती. माझे ते रुंद रस्ते, निळ्या बाणांचे, पांढरेफटक पडले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावलीचा ठिपका नाही. मी कुणाचं तरी अंगण काढलंय असं समजत होते, आणि ते उघडं पडलेलं मैदान होतं. आर्किटेक्चरची पाच वर्षं, नोकरीची आठ वर्षं, पण सूर्य असा हाताशी आणून बसवता येतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मी खुळ्यासारखी बघतच राहिले. तू मात्र डब्यातलं भरीत खात होतीस.

मग म्हणालीस, "चपला काढ."

मी काढल्या. दोन सेकंदांत परत घातल्या. तळवे पोळले.

"ज्या जमिनीवर अनवाणी उभं राहता येत नाही, तिथं माणूस चालणार नाही. आणि माणूस चालणार नसेल, तर घर, दुकान, ऑफिस जवळजवळ बांधून उपयोग काय? दोनशे पावलांसाठी गाडी काढणार ते."

तिथून आपलं ते काम खरं सुरू झालं. कितीतरी महिने, पाऊस नसेल त्या प्रत्येक दुपारी, सगळे हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेवायला गेले की आपण दोघी गच्चीवर. ठोकळे सरकवायचे, सावली बघायची, परत सरकवायचे. रस्ते अरुंद होत गेले, इतके की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून वाटी देता यावी. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे, त्याच्यावरचा आणखी हातभर. तळमजले बंदिस्त, जाड भिंतींचे. इमारतींनीच एकमेकींवर सावली धरायची, ही तुझी रीत. दिवसाचा अर्धा तास, ऐन माथ्यावरचा सूर्य तेवढा तळाला शिवायचा आणि निघून जायचा. मी म्हटलं, वर कापड ताणूया, म्हणजे तोही अडेल. तू म्हणालीस, "राहू दे. अर्धा तास त्याचा. दिवसभर घराबाहेर उभं केलंय आपण त्याला." गच्ची झाडणारी ती म्हातारी चिनी आँटी रोज यायची, कमरेवर हात ठेवून बघायची आणि विचारायची, "टुडे सन हाऊ?" तू अंगठा दाखवायचीस किंवा तोंड वाकडं करायचीस. तिला सगळं कळायचं.

भांडणंही किती झाली! काचेवरून झालं, कारंज्यावरून झालं, आणि एक भांडण तर कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे, "ताई, तिथं चालतंय कोण? ज्यांना ही घरं परवडतील ते गाडीतून उतरून थेट लिफ्टमध्ये शिरणार. कुणासाठी ही गल्ली?" तू म्हणायचीस, "गाडी धुणारा चालतो. दुकानात कामाला येणारी चालते. शाळेतली आया चालते. ती माणसं तुझ्या नकाशात नाहीत म्हणून गावात नसतात होय?" मी म्हणायचे, क्लायंट ते नाहीत. तू म्हणायचीस, "ते मला नको सांगूस." आणि डबा बंद करायचीस.

शेवटी दोन गल्ल्या ठरल्या, पूर्वेची आणि पश्चिमेची. मापं सारखी, जुळ्या बहिणींसारख्या. पूर्वेचं काम आधी निघालं, तिचे नकाशे गेले, पाया खणला गेला. आणि तेवढ्यात तुझं ते पहिलं ऑपरेशन आलं.

तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा क्लायंटची माणसं आली. त्यांना पश्चिमेची गल्ली नको होती. रस्ता पाहिजे, म्हणाले, तिप्पट रुंद, गाड्या दारापर्यंत आल्या पाहिजेत, मधोमध खजुरांची रांग पाहिजे, फोटोत चांगलं दिसलं पाहिजे. आपल्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तू नव्हतीस, तुझ्या जागी मी. मला "नाही" म्हणता आलं असतं. निदान "थांबा, ताईंना विचारते" म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "होऊन जाईल." नव्या नकाशावर माझी सही आहे, ताई. कुणी हात धरून करून घेतलेली नाही. मला ते काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, तुझ्याशिवाय एक निर्णय घेतल्याची थोडी ऐटही वाटली.

तू परत आलीस तेव्हा बारीक झाली होतीस, डोक्याला रुमाल. फळीवर दोन्ही गल्ल्या अरुंद होत्या, तुझ्या हातच्या. मी ठोकळे हलवले नाहीत. तू विचारलंस, "पश्चिमेचं काय?" मी म्हटलं, "चाललंय." हे माझं पहिलं खोटं. नंतर तू आठवड्यातून दोनदाच यायला लागलीस, मग तेही थांबलं, आणि मला कधी सांगावंच लागलं नाही. मग बाजार कोसळला. तिकडचे क्रेन थांबले. पुढचं सगळं रद्द झालं, पण तोवर या दोन ओळी उभ्या राहिल्या होत्या. एक तुझी, एक माझी.

यंदा जूनमध्ये मला तिकडे पाठवलं, उरलेलं काम बघून कागद मिटवायला. निघायच्या आधी तुला भेटायला आले. तू खिडकीपाशी पडून होतीस. म्हणालीस, "दुपारी चाल. सकाळी चाललीस तर कुठलीही गल्ली बरी वाटते. ऐन दुपारी चाल, आणि चपला काढ." माझा हात धरलास. तुझ्या हातात जोर राहिला नव्हता, तरी सोडला नाहीस.

चालले मी.

आधी माझ्या रस्त्यानं गेले. दीड वाजला होता. तिथल्या उन्हाबद्दल काय बोलू, डोळे उघडे ठेवता येत नव्हते. खजूर लावले होते, ते करपून काटक्या झाले होते. वारा समुद्राकडून येत होता, माझ्या त्या पहिल्या निळ्या बाणांसारखा, सरळ, आणि तोंडावर भट्टीचं दार उघडावं तसा लागत होता. पूर्ण रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. चपला काढायचा प्रश्नच नव्हता, चपलांतूनच पोळत होतं.

मग वळून तुझ्या गल्लीत शिरले.

ताई, कसं सांगू. पहिल्या दोन पावलांत डोळे उघडले. तिसऱ्या-चौथ्या पावलाला लक्षात आलं की मी श्वास नीट घेतेय. अंधार नव्हता, मऊ उजेड होता, वरून भिंतींवर घसरत घसरत आलेला. वर बघितलं तर आभाळाची एवढीशी निळी पट्टी, आणि पुढे आलेले ते हातभर मजले, एकाच्या वर एक. वारा भिंतींच्या माथ्यावरून निघून जात होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. बाहेर जग भाजत होतं आणि आत तू काढलेल्या रेघा उभ्या होत्या. मला देवळात गेल्यासारखं वाटलं. मी फार देवभोळी नाही, तुला माहितीये, पण माझे हात आपोआप जोडले गेले. एका बाईनं सिंगापुरातल्या गच्चीवर, डब्यातलं भरीत खाता खाता, कधी न पाहिलेल्या गावाची दुपार बरोब्बर ओळखली होती. हे कसं जमलं तुला? मी तुझ्याशेजारी बसून होते, प्रत्येक ठोकळा माझ्यासमोर सरकला, तरी मला अजून कळत नाही.

आणि गल्ली रिकामी नव्हती. शेजारच्या साइटचे मजूर दुपारच्या सुट्टीत तिथे येऊन झोपले होते. भिंतीला लागून ओळीनं, गमछे अंथरून. दोन्ही रस्ते त्यांना सारखेच जवळ होते, कुंपणातली फट तर माझ्याच रस्त्यावर उघडत होती. तरी ते माझा रस्ता ओलांडून तुझ्याकडे आले होते. मी हळूच चालले, पण एकाला जाग आली, बिहारमधला, दरभंग्याकडचा होता. मला उभी बघून घाबरला. म्हणाला, "मॅडम, उठा देंगे क्या यहाँ से?"

मी म्हटलं, "नहीं, सोइए. यहीं क्यों सोते हैं सब?"

त्यानं तळवा फरशीवर ठेवला. "चप्पल निकालके देखिए. जलता नहीं है."

तुझंच वाक्य, ताई. तुला कधी न भेटलेल्या माणसाच्या तोंडी. मी चपला काढल्या आणि त्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत गेले. आणि रडत गेले, कारण आपलं ते न मिटलेलं भांडण तिथे ओळीनं झोपलं होतं, आणि तू जिंकली होतीस.

विमानात सगळं घोकलं. कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं. मरीन परेडला आले. तू खूपच उतरली होतीस. डोळे तेवढे तसेच. मला बघताच विचारलंस, "चाललीस?"

तुझ्या गल्लीचं सांगितलं असतं तर तू लगेच विचारलं असतंस, "आणि पश्चिमेची?" मला ते उत्तर द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाही गं ताई. मीटिंगाच इतक्या होत्या, वेळच मिळाला नाही."

तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "बरं. पुढच्या वेळी." आणि भाऊजींना सांगितलंस, हिला काहीतरी खायला द्या.

पुढची वेळ आली नाही. मी काय केलं हे माझ्या ध्यानात आलं ते तू गेल्याचा फोन आल्यावर. माझी चूक झाकायला मी तुझा आनंद मारला. तुझी गल्ली थंड आहे हे जगात मला आणि त्या मजुरांना माहीत होतं, आणि तुला ते न कळताच तू गेलीस. रुंद रस्त्याबद्दल तू मला रागावली असतीस, पंधरा मिनिटं, जळगावच्या भाषेत. मग म्हणाली असतीस, "जाऊ दे. झोपले होते म्हणतेस? किती जण?" मला पक्कं माहितीये, तू हेच विचारलं असतंस.

काल शनिवार. फळी आणि डिरेक्टऱ्या घेऊन मी ऑफिसमागच्या आपल्या गच्चीवर गेले. निघताना लेक म्हणाली, "ममा, सो हॉट लाह, व्हाय यू गोइंग?" मी म्हटलं, ताईकडे जाऊन येते. गच्ची झाडणारी आँटी अजून आहे. तिनं माझ्यामागे बघितलं आणि विचारलं, "युवर सिस्टर नॉट कमिंग अ?" मी मान हलवली. तिनं झाडू खाली ठेवला आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली, तू बसायचीस तिथे.

आधी पश्चिमेच्या ओळीची टेप सोडवली. फार घट्ट बसली होती, नखानं काढावी लागली. ओळ मागे सरकवली, मी सही केली होती तितकी. मग दक्षिणेची कड उचलली, डिरेक्टऱ्या लावल्या, कोनमापक लावला. ढग होते. आम्ही दोघी बसून राहिलो. एक वाजून गेला. मग ढग सरकले, ऊन पडलं, आणि तू गेल्यावरही ते फळीवर तसंच नेमकं उतरलं. अर्ध्या तासात तुझी गल्ली सावलीनं भरली. माझा रस्ता पांढरा पडला तो पांढराच राहिला.

"टुडे सन हाऊ?" आँटीनं विचारलं. मी अंगठा दाखवला.

मग चपला काढल्या. तळवे भाजत होते. तरी उभी राहिले, आणि मोठ्यानं बोलले, आँटीला मराठी कळत नाही ते बरंच आहे.

ताई, चालले होते मी. ऐन दुपारी, चपला काढून. पश्चिमेची मी बिघडवली. तुझी थंड आहे. सतरा जण झोपले होते.